त्येनं काय केलं हुतं?

लहान पोराला गोष्ट सांगणं हे दिसतं तेवढं साधं काम नाही. पिकावर औषध मारायचं तर आपण वारा बघतो, तोंडाला फडकं बांधतो, किती पाण्याला किती टोपण ते दहांदा विचारतो. गोष्ट सांगताना यातलं काहीच करत नाही. सुचली ती सांगतो, पोरगं झोपलं की आपण मोकळे. पण गोष्ट आत गेली की राहते. कुठं राहते, काय उगवते, हे सांगणाऱ्याला कधीच कळत नाही.

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. सगळी माण तालुक्यात आणि आसपास. पाऊस कमी, मेंढरं जास्त, आणि घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर गलाईच्या धंद्यात कुठंतरी परमुलखाला, असा आमचा भाग. आमच्या पुस्तकातल्या गोष्टींना शेपूट असायचं, तात्पर्य नावाचं. सिंह-उंदीर, कोल्हा-द्राक्षं, कुठलीही घ्या. गोष्ट संपली की खाली एक ओळ. पोरं गोष्ट विसरायची आणि ओळ पाठ करायची, कारण परीक्षेत तीच यायची. त्या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा एकच असायचा : चांगलं वागलात तर चांगलं होईल, वाईट वागलात तर वाईट. आमच्या बोलीत म्हणजे करावं तसं भरावं.

ही ओळ खरी आहे का, आणि खरी नसेल तर पोरांना सांगावी का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. तोही परक्या मुलखातल्या गोष्टींमुळं.

माझी पुतणी पुण्यात जपानी भाषा शिकली आणि नागोयाजवळ एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. दिवाळीला आली तेव्हा तिनं पिशवीतून पाच-सहा पुस्तकं काढली. पातळ, मोठ्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची. "आण्णा, तुमच्या पोरांसाठी," म्हणाली. माझी पोरं म्हणजे गल्लीतली. संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या ओसरीवर आठ-दहा जण येऊन बसतात. अंगणवाडीतली चार-पाच वर्षांची आणि त्यांना कडेवर नाहीतर बोटाला धरून आणणारी तिसरी-चौथीतली. पुतणीनं प्रत्येक पानाचं मराठी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून आत चिकटवलं होतं.

पहिल्या दिवशी एका पोरीनं पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाली, "गुर्जी, ह्ये उलटं हाय." ती अक्षरं वरून खाली उतरत जातात आणि पान उजवीकडून उलटायचं असतं. पोरांना त्याची सवय दोन दिवसांत झाली. मला पंधरा दिवस लागले.

चित्रांबद्दल आधी सांगतो, कारण ती नसती तर पुढचं काही घडलं नसतं. एक पुस्तक होतं टोपीवाल्या जिझोचं. चित्रं सुएकिची अकाबा यांची. हा माणूस 1910 चा जन्मलेला, आणि हे त्याचं पहिलं चित्रपुस्तक 1961 चं, म्हणजे पन्नाशीला आल्यावर त्यानं हे काम सुरू केलं. पुढं 1980 साली त्याला मुलांच्या पुस्तकांसाठीचं अँडरसन पारितोषिक मिळालं. शाईच्या करड्या रंगात त्यानं बर्फ काढलाय. आमच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि वळवाच्या गारांत. पण ते पान उघडलं आणि एक पोरगं आपसूक अंगावरचा टॉवेल आवळून बसलं. थंडी सांगावी लागली नाही.

चित्र दाखवत गोष्ट सांगणं त्या लोकांना जुनं आहे. 1930 च्या सुमारास टोकियोत सायकलीवरून गोष्टी सांगणारे हिंडायचे. सायकलीच्या मागं लाकडी चौकट, चौकटीत एकामागं एक चित्रांचे पुठ्ठे, आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर सांगणाऱ्यासाठी मजकूर. त्याला कामिशिबाई म्हणतात, म्हणजे कागदाचं नाटक. पोरांनी गोळ्या-बिस्किटं विकत घ्यायची आणि गोष्ट ऐकायची. टीव्ही आला आणि तो धंदा बसला. आपल्याकडं सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर समाजाचे लोक चित्रकथी करतात, तीच तऱ्हा. पोथीतलं एकेक चित्र पुढं धरायचं आणि रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी : चित्र समोर असलं की सांगणाऱ्याला लपवाछपवी करता येत नाही. तोंडानं एखादा वाईट प्रसंग गाळता येतो. पानावर कात्री काढलेली असली तर ती पोराला दिसतेच.

ही कात्री चिमणीच्या गोष्टीतली. एक म्हातारा चिमणी पाळतो. म्हातारीनं कपड्याला घालायला खळ करून ठेवलेली असते, ती चिमणी खाऊन टाकते. म्हातारी चिडून तिची जीभ कापते आणि हाकलून देते. म्हातारा रडत रडत तिला शोधत रानात जातो. चिमण्या त्याचा पाहुणचार करतात, जाताना दोन पेटारे पुढं ठेवतात, एक मोठा, एक लहान. तो लहान घेतो, त्यात धन निघतं. म्हातारी मागाहून जाते, मोठा आणते, त्यातून साप आणि भुतं निघतात.

कात्रीचं पान आलं आणि एक चार वर्षांची पोरगी मोठ्यानं रडायला लागली. अंगणवाडीच्या ताई तिला न्यायला आल्या होत्या. त्यांनी पुस्तक बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "गुरुजी, आपली चिऊताई काय वाईट आहे का? मेणाचं घर, शेणाचं घर. कुणाची जीभ नाही, कात्री नाही."

मी म्हणालो, "ताई, आपल्या गोष्टीत तरी काय आहे? कावळ्याचं घर वाहून गेलं. तो पावसात दारात उभा आणि चिमणी आतून कडी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे आपण पोरांना हसत सांगतो. काही घरांत तर पुढं कावळ्याला चटका देतात."

"पण त्याचं चित्र नसतं ना," ताई म्हणाल्या.

या बोलण्यात दम होता. ऐकलेलं वाईट पोरगं आपल्या ताकदीपुरतं मनात रंगवतं. ज्याला सोसवत नाही तो कात्री बारीक करतो. चित्रातली कात्री चित्रकारानं काढली तेवढीच राहते. म्हणून चित्राचं पुस्तक दाखवणाऱ्यानं समोर कोण बसलंय ते आधी बघावं, हे मला पटतं. पण ताईंचं म्हणणं एवढ्यावर थांबत नव्हतं. त्यांचं म्हणणं, अशा गोष्टी सांगूच नयेत, नाहीतर बदलून सांगाव्यात. "पोरांना आधीच काय कमी बघायला लागतं का? निदान गोष्टीत तरी गोड असू द्या."

हा प्रश्न त्या लोकांनाही पडलेला आहे. काचि-काचि डोंगराची गोष्ट घ्या. तानुकी नावाचं एक जनावर तिकडं असतं, कुत्र्या-कोल्ह्याच्या कुळातलं. आमची पोरं त्याला खोकडच म्हणतात. म्हातारा त्याला पकडून घरात बांधून ठेवतो. ते म्हातारीला भुलवून सुटतं, तिला मारतं, तिचंच रूप घेतं आणि तिच्याच मांसाचा रस्सा म्हाताऱ्याला खाऊ घालतं. मग एक ससा बदला घेतो. तानुकीच्या पाठीवरच्या लाकडाच्या मोळीला आग लावतो, भाजलेल्या पाठीवर तिखट चोळतो आणि शेवटी चिखलाच्या होडीत बसवून बुडवतो. आता तिकडच्या बऱ्याच पुस्तकांत म्हातारी मरत नाही, नुसती जखमी होते. तानुकी हात जोडून माफी मागतो आणि सगळे सुखानं राहतात. पुतणीनं आणलेलं पुस्तक अशाच मवाळ जातीचं होतं. जुनी गोष्ट तिनं मला वेगळी सांगितली, पोरं नसताना.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मवाळ गोष्टीत म्हातारीला नुसतं खरचटलंय, आणि ससा मात्र तेवढ्यासाठी तानुकीला जाळतो. म्हणजे गुन्हा लहान केला आणि शिक्षा तशीच ठेवली. पोरांना हे लगेच कळतं. एक पोरगं म्हणालंच, "सस्यानं लई मारलं त्येला." गोड करायला गेलं आणि ससा क्रूर झाला. गोष्टीचा एक दगड काढला की बाकीची भिंत हलते, हे गवंड्यालाच नाही, सांगणाऱ्यालाही कळायला पाहिजे.

म्हणून गोष्ट मुळीच बदलू नये असं मी म्हणेन का? तसंही म्हणवत नाही. लोककथेला मूळ कुठं असतं? ज्या आजीनं सांगितली ती तिची. उराशिमा तारो नावाच्या कोळ्याची त्यांची गोष्ट 720 साली लिहिलेल्या निहोन शोकी या ग्रंथात आलेली आहे. त्यात कासवाचीच बाई होते. मुलांच्या तावडीतून तारोनं कासव सोडवलं, हा भाग नंतरचा. बाराशे-तेराशे वर्षं लोक ती बदलतच आलेत.

तेव्हा बदल करणं हा गुन्हा नाही. बदल कुणासाठी केला, हे बघायला पाहिजे. मोमोतारोची गोष्ट यासाठी मी मुद्दाम सांगतो. पीचच्या फळातून जन्मलेला पोरगा. कमरेला किबीच्या लाडवांची पुरचुंडी. किबी म्हणजे आपल्या वरईच्या जातीचं भरडधान्य. वाटेत कुत्रा, माकड आणि तितर भेटतात. लाडू वाटून तो त्यांना सोबती करतो आणि राक्षसांच्या बेटावर जातो. आमच्या पोरांची ही फार आवडती. लाडू चौघांत कसे वाटले असतील यावर भांडणं होतात. पण याच मोमोतारोला महायुद्धात कामाला लावलं होतं. 1943 साली त्याच्यावर चित्रपट निघाला, त्यात राक्षसांचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. 1945 साली दुसरा निघाला, जपानचा पहिला मोठ्या लांबीचा कार्टून चित्रपट. दोन्हींच्या मागं त्यांचं आरमार होतं. राक्षस कोण, एवढंच फक्त बदललं. पोरांचं मन घाबरू नये म्हणून हा बदल नव्हता. पोरांनी घाबरू नये, मरायला तयार व्हावं, म्हणून होता.

त्याच 1945 साली त्याच मुलखात दुसरा एक माणूस काय करत होता बघा. दाझाई ओसामु नावाचा लेखक. वरून विमानं बॉम्ब टाकतायत, तो बायकापोरांना घेऊन खंदकात बसलाय आणि पाच वर्षांच्या लेकीला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतोय. तोंडानं पुस्तकातली गोष्ट, आणि मनात त्याच गोष्टीची दुसरी गोष्ट तयार होतेय. ते सगळं पुढं त्यानं लिहिलं, युद्ध संपल्यावर पुस्तक आलं. त्यात चिमणी आहे, तानुकी आहे, उराशिमा आहे. मोमोतारो मात्र त्यानं सोडून दिला. मला त्या खंदकातल्या बापाचं फार वाटतं. पोरीला त्यानं जशी होती तशी गोष्ट वाचून दाखवली. शंका त्यानं स्वतःजवळ ठेवल्या आणि मोठ्या माणसांसाठी लिहिल्या. बॉम्ब पडताना पोरीला कुठलंही तात्पर्य सांगितलं नाही.

त्या दाझाईच्या पुस्तकात पहिलीच गोष्ट गाठीवाल्या म्हाताऱ्याची आहे, आणि आमच्या ओसरीवर जे झालं ते याच गोष्टीपायी झालं.

गोष्ट जुनी, तेराव्या शतकातल्या त्यांच्या एका कथासंग्रहात मिळते. एका म्हाताऱ्याच्या गालावर मोठी गाठ असते. डोंगरात लाकडं आणायला गेलेला असताना पाऊस येतो, तो झाडाच्या ढोलीत शिरतो. रात्री तिथं राक्षस जमतात, खातात-पितात, नाचतात. म्हाताऱ्याला राहवत नाही, तोही उडी मारून नाचायला लागतो. राक्षस खूष. उद्या परत ये म्हणतात, आणि येणारच याची हमी म्हणून त्याच्या गालावरची गाठ काढून ठेवून घेतात. त्यांना वाटतं ही काहीतरी मोलाची वस्तू. गाल साफ. शेजारी दुसरा म्हातारा असतो, त्याच्याही गालावर गाठ, दुसऱ्या बाजूला. तो विचारून घेतो आणि दुसऱ्या रात्री जातो. पण त्याला नाचता येत नाही. राक्षस कंटाळतात, म्हणतात ही घे तुझी गाठ आणि जा. आता त्याच्या दोन्ही गालांवर गाठी.

पोरं हसली. चित्रच तसं होतं. पण एक पोरगा हसला नाही. तिसरीतला. त्याचा बाप आदल्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळून गेला. चांगला माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात, माळकरी. गावानं हळहळ केली, तेराव्यापर्यंत घरी भाकरी पोचवल्या. आणि मग कुजबुज सुरू केली. कुणी म्हणालं, विहीर खोदताना म्हसोबाचा दगड हलवला होता. कुणी म्हणालं, त्याच्या आज्यानं भावाचा बांध कोरला होता, ते आत्ता फिटलं. कुणी नुसतंच म्हणालं, "कायतरी असल्याबिगर आसं हुतं व्हय?" हे सगळं त्या पोराच्या कानावर जात होतं. पोरांच्या कानांना दारं नसतात.

त्यानं मला विचारलं, "गुर्जी, त्या दुसऱ्या म्हाताऱ्यानं काय केलं हुतं?"

मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"त्येला नाचाय येत न्हवतं."

"आणि?"

"आनी काय न्हाई." थोडा वेळ चित्राकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे काय केल्याबिगर बी हुतं."

मी हो म्हणालो. दुसरं काही बोललो नाही.

गंमत अशी, की त्या जुन्या संग्रहातही गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवलेलं आहे : दुसऱ्याचा हेवा करू नये. म्हणजे आमच्याच पुस्तकांना खोड होती असं नाही. पण हेवा कसला? त्या माणसाला स्वतःच्या गालावरची गाठ नको होती. शेजाऱ्याचं दुखणं ज्या औषधानं बरं झालं ते औषध आपणही विचारतोच की. दाझाईनंही नेमकं हेच हेरलं. त्याचं म्हणणं, या गोष्टीत कुणीच वाईट वागलेलं नाही, तरीही एकाच्या वाट्याला दुःख आलं.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या कानावर गेलं. त्या मनानं चांगल्या. त्या पोराच्या आईला विधवा पेन्शनचे कागद त्यांनीच करून दिले होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधीच त्या लेकराचं काय झालंय. त्याला तुम्ही असं सांगता, की जगात न्याय नाही? उद्या तो म्हणेल, मग चांगलं तरी कशाला वागायचं?"

याचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं नाही, पण तिच्यापुढं जे मांडलं ते इथं नीट मांडतो.

चांगलं वाग, चांगलं होईल, हे वाक्य पुढं बघणारं आहे. पेरणी करणारा माणूस असंच बोलतो. त्यात आशा आहे आणि ती पोराला द्यायलाच पाहिजे. पण वाईट झालं म्हणजे वाईट वागला असशील, हे वाक्य मागं बघणारं आहे. ते दुःखात असलेल्या माणसाकडं बोट दाखवतं. आपण पहिलं वाक्य पोराला शिकवतो आणि दुसरं त्याच्या पोटात आपोआप तयार होतं, कारण कुणी ते अडवत नाही. खरं तर पहिल्यातून दुसरं निघत नाही. पाऊस पडला की अंगण भिजतं, हे खरं. पण अंगण भिजलेलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही. कुणी सडा घातला असेल, कुणाच्या हातून घागर सांडली असेल. एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण माणसाच्या दुःखाची गोष्ट आली की मोठी माणसंही हे विसरतात आणि म्हसोबाचा दगड शोधत बसतात.

का शोधतात, तेही मला कळतं. दगड सापडला की आपण सुटलो. त्यानं हलवला म्हणून तो गेला. आपण हलवलेला नाही, तेव्हा आपली विहीर पक्की. कुजबुज करणारी माणसं दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पण त्यांच्या भीतीचं ओझं एका आठ वर्षांच्या पोरानं का उचलायचं? सगळ्याच गोष्टी हिशेबाच्या असल्या, तर त्याला त्याच हिशेबात बाप बसवायला लागतो. एकतर बाप वाईट, नाहीतर गोष्टी खोट्या. दोन्ही त्याला परवडणारं नाही. गाठीवाल्या म्हाताऱ्याच्या गोष्टीनं त्याला तिसरी जागा दिली : गोष्ट खरी, आणि बाप चांगला.

राहिला ताईंचा दुसरा मुद्दा, मग चांगलं कशाला वागायचं. त्याला माझ्याजवळ टोपीवाल्या जिझोची गोष्ट आहे. वर्षाचा शेवटचा दिवस. गरीब म्हातारा गवताच्या टोप्या विकायला बाजारात जातो, म्हणजे सणाला घरात काही येईल. एकही खपत नाही. परतताना बर्फात रस्त्याकडेला सहा जिझो उभे, दगडाचे. जिझो हा त्यांच्याकडं लहान पोरांचा आणि वाटसरूंचा राखणदार. म्हातारा त्यांच्या डोक्यावरचा बर्फ झाडतो आणि टोप्या घालतो. एक कमी पडते, तर स्वतःच्या डोक्यावरचं काढून शेवटच्याला घालतो. मोकळ्या हातानं घरी येतो. म्हातारी म्हणते, बरं केलंस. दोघं गरम पाणी पिऊन झोपतात. रात्री जिझो येतात आणि दारात तांदूळ, मासळी, सगळं ठेवून जातात.

पोरांना मी म्हातारा-म्हातारी झोपतात त्या पानावर थांबवतो. पुढचं पान उलटायच्या आधी विचारतो, "आता हे दोघं कसे आहेत?" बहुतेक पोरं म्हणतात, "उपाशी." कुणीतरी म्हणतंच, "पर खूस हायती." चित्रात तसं दिसतं. मग मी पान उलटतो. त्यांचं चांगलं वागणं तांदूळ यायच्या आधीच पूर्ण झालेलं असतं. तांदूळ नंतर येतो. आला तर आनंद. नसता आला तर म्हातारी काही म्हाताऱ्याला उठवून भांडणार नव्हती. चांगलं कशाला वागायचं याचं उत्तर त्या मधल्या पानावर आहे.

आमच्या घरातून आणखी एक उत्तर आलं, माझ्या ध्यानात न आलेलं. आमची मंडळी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "टोप्या त्येनं दिल्या, पर उपास तिनं बी काढला. तिचं नाव कुठं हाय पुस्तकात?" मी पुस्तक चाळलं. म्हातारीला नाव नव्हतं, पण म्हाताऱ्यालाही नव्हतं. तरी तिचं म्हणणं खरं. माणसानं दान करावं आणि घरातल्या बाईनं उपाशी राहून ते निभवावं, हे काही फक्त जपानात घडत नाही. तेव्हापासून ही गोष्ट सांगताना म्हातारीच्या त्या एका वाक्याला मी जास्त वेळ देतो. हाही बदलच झाला. पण गोष्टीत होतं तेच वर काढलं, बाहेरचं आत घातलं नाही.

एवढ्या सगळ्यातून माझ्यापुरतं मी ठरवलं ते असं. गोष्ट बदलण्याऐवजी वेळ बदलायची. रश्शाची जुनी गोष्ट चार वर्षांच्या पोराला नाही. दहा-अकराच्या पोराला ती आहे तशी सांगता येते, आणि ते ससा बरोबर की चूक यावर तास तास वाद घालतं. कात्रीचं पान आलं तर जे पोरगं लहान आहे त्याला मांडीवर घ्यायचं, पान झाकायचं नाही. मांडीवर बसून पोरगं बरंच काही बघू शकतं. कुठंही बदल करावासा वाटला तर स्वतःला विचारायचं, हे पोराच्या भीतीपोटी करतोय की माझ्या सोयीसाठी. आणि तात्पर्य सांगायचं नाही. पोरगं विचारेल त्याला उत्तर द्यायचं, तेही जेवढं विचारलं तेवढंच.

ताईंना हे सगळं पटलेलं नाही. त्या अजून चिमणीचं पुस्तक अंगणवाडीत नेऊ देत नाहीत, आणि त्यांच्या जागी त्या बरोबर असतील; त्यांच्यासमोर पंचवीस पोरं असतात आणि मांडी एकच. पण मोमोतारो आणि जिझो त्यांनी नेलेत.

उराशिमाची गोष्ट मी शेवटी राखून ठेवली होती. तो कासवाला वाचवतो, समुद्राच्या तळाशी राजवाड्यात राहतो, तीन वर्षांनी घराच्या ओढीनं परततो तर वर तीनशे वर्षं झालेली असतात. घर नाही, आईबाप नाहीत. उघडू नकोस म्हणून दिलेली पेटी तो उघडतो, धूर निघतो आणि तो क्षणात म्हातारा होतो. कासव वाचवणाऱ्याच्या वाट्याला हे का यावं, याचा उलगडा ती गोष्ट करत नाही. मुंबईला बाप असलेली पोरं ती फार शांत ऐकतात. ती का शांत होतात हे मी त्यांना विचारत नाही. काही गोष्टी पोरांनी आपल्यापाशी ठेवायच्या असतात. पुढं कधी लागल्या तर त्यांच्याजवळ असल्या पाहिजेत, एवढंच सांगणाऱ्याचं काम.